वेबसाइटवर आलेल्या ग्राहकाशी बोलायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की आंबेवाल्यांचे फोन सुरू होतात, दिवाळीच्या तोंडावर फराळवाल्यांचे आणि होमस्टेवाल्यांचे. तक्रार बहुतेक तीच: वेबसाइट आहे, लोक येऊन बघतात, पण बोलत काही नाहीत, काय लावू? छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट बनवताना आणि पुढे सांभाळताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बऱ्याच उत्तरांमागे तीच आहे: बटण कोणीही लावून देईल, ते दाबल्यावर पलीकडून उत्तर कोण देणार हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

१. साधी वेबसाइट आणि इंटरॲक्टिव्ह वेबसाइट यांत फरक काय?

साधी वेबसाइट पत्ता, फोटो, 'आमच्याविषयी' एवढं सांगते आणि थांबते. इंटरॲक्टिव्ह वेबसाइटवर ग्राहक काहीतरी करतो आणि त्याला लगेच काहीतरी मिळतं. पिनकोड टाकला की पार्सल येईल की नाही ते कळतं, तारीख निवडली की खोली मोकळी आहे का ते दिसतं. आपोआप सरकणारे फोटो आणि उडत येणारी अक्षरं ही नुसती हालचाल. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

२. माझं सगळं काम व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर चालतं. मग वेबसाइट कशाला?

चालतंय तर उगाच काढू नका. पण रोज तेच चार प्रश्न टाइप करून अंगठे दुखत असतील (दर काय, पुण्यात पाठवता का, किती दिवसांत, परत घेता का), तर ती उत्तरं वेबसाइटने द्यावीत आणि तुमच्यापर्यंत फक्त घेणारा माणूस पोहोचावा.

दुसरं कारण मालकीचं. गूगलच्या व्यवसाय-नोंदीसोबत फुकट मिळणारी छोटी वेबसाइट आपल्याकडे कित्येकांनी वापरली. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि त्याच वर्षी ३१ जुलैला नोंदीवरचं चॅटही काढून टाकलं. स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे तुमच्या नावाने घेतलेल्या वेब-पत्त्यावर) असलेलं पान असं कोणाच्या मर्जीने जात नाही, नूतनीकरणाचे पैसे वेळेवर भरलेत म्हणजे झालं.

३. एकच सोय लावायची असेल तर कोणती लावू?

व्हॉट्सॲपची लिंक, आणि तीही आधीच लिहिलेल्या संदेशासकट. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य, मोकळी जागा यांतलं काहीही नको. त्याच्या पुढे संदेशाचा मजकूर जोडता येतो. देवनागरी मजकूर लिंकमध्ये सांकेतिक रूपात जातो. लिंक बनवून देणारी फुकट साधनं ते आपोआप करतात.

खरी मेख मजकुरात आहे. नुसतं बटण असेल तर ग्राहक 'हाय' लिहितो, तुम्ही 'नमस्कार, बोला' म्हणता, आणि यात अर्धा दिवस जातो. त्याऐवजी प्रत्येक वस्तूच्या पानावर वेगळा संदेश भरून ठेवा: 'नमस्कार, मला देवगड हापूस, ५ डझनाची पेटी हवी आहे. पिनकोड: '. ग्राहकाला फक्त सहा आकडे लिहायचे असतात. तुम्हालाही पहिल्याच ओळीत कळतं की माणूस कुठल्या पानावरून आला आणि त्याला काय हवंय.

बटण उजवीकडे खाली तरंगतं ठेवा, पण त्याखाली 'खरेदी करा' किंवा किंमत झाकली जात नाही ना, ते स्वतःच्या फोनवर बघा. संगणकावर छान दिसणारं बटण फोनवर नेमकं किमतीवर बसलेलं मी अनेकदा पाहिलंय.

४. व्हॉट्सॲप बिझनेसचं साधं ॲप पुरेल का? एपीआय घ्या म्हणून एक कंपनी मागे लागली आहे.

एक-दोन माणसं उत्तर देत असतील तर ॲप पुरतं. त्यात वस्तूंची यादी लावता येते, ठरलेली उत्तरं साठवता येतात, दुकान बंद असतानाचा आपोआप जाणारा संदेश ठेवता येतो आणि 'पैसे आले', 'पार्सल गेलं' अशी लेबलं लावता येतात. अनेकांनी ही लेबलं उघडूनसुद्धा पाहिलेली नसतात. आधी ती वापरा.

पाच-सहा जण एकाच नंबरवर उत्तर देणार असतील किंवा ऑर्डरची माहिती सॉफ्टवेअरमधून आपोआप जायला हवी असेल, तर एपीआयचा, म्हणजे व्हॉट्सॲप तुमच्या सॉफ्टवेअरला जोडणाऱ्या सोयीचा, विचार करा. पण त्याचे नियम वेगळे आहेत. ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासांपर्यंत तुम्ही मनमोकळं लिहू शकता. त्यानंतर फक्त मेटाकडून (व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडून) आधी मंजूर करून घेतलेले संदेशाचे साचेच पाठवता येतात, आणि त्यांचे पैसे लागतात. शनिवारी आलेल्या चौकशीला सोमवारी उत्तर देणाऱ्याला हे महागात पडतं.

५. चौकशीचा फॉर्म लावला आहे, पण कोणी भरतच नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा फॉर्म तुमच्या सोयीचा असतो, ग्राहकाच्या नाही. नाव, आडनाव, ईमेल, फोन, पत्ता, शहर, राज्य, 'आमच्याबद्दल कुठून कळलं', संदेश. फोनवर अंगठ्याने एवढं कोण भरणार? चौकशीला नाव, फोन आणि काय हवंय एवढं बास. ईमेल सक्तीचा करू नका. आपल्याकडच्या कितीतरी ग्राहकांना स्वतःचा ईमेल पाठ नसतो.

हापूसच्या एका ऑर्डर-फॉर्मचं उदाहरण घेऊ. आधी त्यात 'संदेश' नावाचा मोठा मोकळा चौकोन होता. लोक लिहायचे, 'आंबे पाहिजेत'. कुठले, किती, कधी, सगळं परत फोन करून विचारावं लागायचं. मग तो चौकोन काढून तीन निवडी ठेवल्या: पेटी ४ डझनाची, ५ डझनाची की ६ डझनाची, फळ कच्चं हवं, अर्धं पिकलेलं हवं की लगेच खाण्याजोगं, आणि कुठल्या आठवड्यात. दुसरी निवड महत्त्वाची, कारण मुंबईतल्या माणसाला अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी पिकलेलं फळ हवं असतं आणि नागपूरला जाणारी पेटी कच्चीच भरावी लागते. हे प्रश्न ज्याने पेट्या भरल्यात त्यालाच सुचतात, वेबसाइटवाल्याला नाही. म्हणून फॉर्म बनवताना पार्सल भरणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.

दोन बारकावे. एक, फोनच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडायला हवा. दोन, मराठी कीबोर्ड वापरणारा ग्राहक नंबर देवनागरी आकड्यांत लिहू शकतो, आणि फक्त इंग्रजी आकडे ओळखणारा फॉर्म त्याला लाल अक्षरांत 'नंबर चुकीचा आहे' असं सुनावतो. नंबर बरोबर असतो, फॉर्म अडाणी असतो. देवनागरी आकडे आतल्या आत बदलून घ्यायला वेबसाइटवाल्याला सांगा. काम चार ओळींचं आहे.

फॉर्म पाठवल्यावर 'धन्यवाद' एवढंच दाखवू नका. 'आज संध्याकाळी ७ पर्यंत आम्ही फोन करू' असं लिहा. आणि करा.

६. पिनकोड टाकून 'इथे पोहोचवतो की नाही' सांगणारी सोय अवघड असते का?

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित सोय हीच. तुमच्या कुरिअरकडे ते जिथे जातात त्या पिनकोडांची यादी असते. ती मागून घ्या आणि वेबसाइटला जोडा. यादी नसेल तर सुरुवातीच्या आकड्यांवरूनही ढोबळ उत्तर देता येतं: महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात, त्यांतले ४०३ ने सुरू होणारे गोव्याचे. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याची, आणि ते संस्कृत कवी होते. पार्सलवाल्या प्रत्येकाने एकदा हात जोडावेत.)

'नाही पोहोचत' हे उत्तरही उपयोगी करा. 'सध्या तिथे जात नाही, नंबर ठेवा, सुरू झालं की कळवू' असं लिहिलंत तर पुढच्या हंगामात गाडी कुठे पाठवायची याची यादी आयती तयार होते. नंबर ठेवून घेण्याचे नियम प्रश्न १८ मध्ये.

७. होमस्टेसाठी बुकिंग कॅलेंडर लावलं आणि एकच खोली दोघांना गेली. असं कसं झालं?

खोली तुमच्या वेबसाइटवरही आहे आणि एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमवरही आहे, म्हणून. ही कॅलेंडरं 'आयकॅल' नावाच्या लिंकने एकमेकांना जोडता येतात, पण ती एकमेकांकडे ठरावीक अंतराने डोकावतात. त्याच क्षणी नाही. मधल्या वेळात दोन्हीकडे खोली मोकळीच दिसते. एरवी हे खपून जातं. नाताळच्या आठवड्यात, गणपतीत, किंवा सलग तीन सुट्ट्या आल्या की त्या मधल्या वेळातच दोघे बुकिंग करतात.

उपाय तीन. पैसे असतील तर सगळ्या ठिकाणची बुकिंग एकाच जागेतून चालवणारं चॅनेल मॅनेजर सॉफ्टवेअर घ्या. नसतील तर गर्दीच्या तारखांना खोल्या वाटून टाका: एक फक्त वेबसाइटवर, बाकीच्या बाहेर. किंवा वेबसाइटवर थेट बुकिंगऐवजी 'तारीख मागा' ठेवा आणि तासाभरात होकार कळवा. तीन-चार खोल्यांच्या कोकणातल्या घराला मी तिसराच उपाय सुचवतो. पाहुण्याशी एकदा बोलणं होतं, शाकाहारी की मासे, येणार कितीला, गाडी लावायला जागा, हे सगळं त्याच फोनवर उरकतं.

आणि फोनवर घेतलेलं बुकिंग त्याच मिनिटाला कॅलेंडरमध्ये नोंदवा. निम्मे घोळ आयकॅलमुळे नाही, घरातल्या वहीमुळे होतात.

८. किंमत काढून देणारा कॅल्क्युलेटर लावावा का? प्रतिस्पर्ध्यांना आमचे दर कळतील.

त्यांना ते आधीच कळलेले असतात. ग्राहकाला मात्र कळलेले नसतात आणि दर विचारायला फोन करायचा त्याला संकोच वाटतो. केटरिंग, छपाई, सोलर, मांडव, पडदे, जिथे किंमत माप आणि संख्येवर ठरते, तिथे कॅल्क्युलेटरइतकी गुंतवून ठेवणारी दुसरी सोय नाही. केटरिंगमध्ये जेवणाऱ्यांची संख्या ७५ वरून १०० केली की दर ताटामागे किती उतरतो, हे ग्राहक स्वतः खेळून बघतो.

नेमका आकडा देता येत नसेल तर 'अंदाजे इतके ते इतके' असा पट्टा द्या आणि त्यात काय धरलेलं नाही ते तिथेच लिहा: वाहतूक, जीएसटी, मजुरी. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर एकेक शुल्क वाढवत नेणं हा आता नियमाने गैरप्रकार आहे (प्रश्न १३). सराफांनी आजचा दर रोज सकाळी बदलणार असतील तरच कॅल्क्युलेटर लावावा. परवाचा सोन्याचा भाव दाखवणारी वेबसाइट नसलेली बरी.

९. पैसे घ्यायला यूपीआयचा क्यूआर कोड वेबसाइटवर टाकला तर चालेल ना?

चालतं, पण गंमत बघा: ग्राहक वेबसाइट फोनवर बघतोय आणि कोड त्याच फोनच्या पडद्यावर आहे. स्कॅन कशाने करणार? मग तो स्क्रीनशॉट काढतो, यूपीआय ॲपमध्ये जातो, गॅलरीतून चित्र निवडतो, रक्कम हाताने टाकतो, पुन्हा स्क्रीनशॉट काढून तुम्हाला पाठवतो. आणि तो स्क्रीनशॉट खरा की बनवलेला हे तुम्हाला खाते उघडूनच बघावं लागतं. स्क्रीनशॉटवर विसंबून माल कधीही सोडू नका.

दिवसाला दोन-चार ऑर्डर असतील तर हे निभावतं. त्यापुढे पेमेंट गेटवे लावा. पैसे जमा झाले की गेटवे वेबसाइटला स्वतः कळवतं, ऑर्डर आपोआप पक्की होते, परतावाही तिथूनच करता येतो. प्रत्येक व्यवहारामागे त्यांचं शुल्क असतं. दरपत्रक आधी वाचा.

१०. लाइव्ह चॅट लावू का?

बसणारं माणूस आहे का? नसेल तर नको. 'आम्ही ऑनलाइन आहोत' अशा हिरव्या ठिपक्याखाली कोणी उत्तर देत नसेल, तर ते बंद दुकानाबाहेर 'आत या' लिहिण्यासारखं आहे. ठरावीक वेळच बसता येत असेल, तर तेवढ्याच वेळात चॅट दिसेल अशी सेटिंग जवळपास सगळ्या चॅट-साधनांत असते. बाकीच्या वेळी त्या जागी व्हॉट्सॲपची लिंक येऊ द्या (प्रश्न ३). संगणकावर बसून महागडी वस्तू निवडणाऱ्या ग्राहकांसाठी, म्हणजे यंत्रं, फर्निचर, परदेशी सहली यांसाठी, चॅटचा खरोखर उपयोग होतो. मोबाइलवरच्या घरगुती ग्राहकाला व्हॉट्सॲपच बरं वाटतं, कारण तिथे संभाषण त्याच्यापाशी राहतं.

११. मग माणसाऐवजी एआय चॅटबॉट? तो तर रात्रंदिवस उत्तर देईल.

देईल, आणि चुकीचंही तितक्याच आत्मविश्वासाने देईल. त्याची जबाबदारी तुमची. एअर कॅनडाचं प्रकरण लक्षात ठेवा. कुटुंबातल्या निधनानंतर प्रवास करणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीबद्दल त्यांच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की तिकीट काढल्यानंतर ९० दिवसांत अर्ज केला तरी चालेल. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपली नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. निकाल कॅनडातला आहे, पण 'आम्ही नाही, बॉट बोलला' हे आपल्या ग्राहक आयोगापुढेही टिकेल अशा भरवशावर राहू नका.

लावायचाच असेल तर त्याला तुमच्याच लिहिलेल्या माहितीपुरता बांधा, दर आणि परताव्याबद्दल स्वतःच्या मनाने बोलू देऊ नका, 'माणसाशी बोला' हे बटण कायम दिसू द्या. मराठीत तपासताना छापील मराठीत प्रश्न विचारू नका. ग्राहक लिहितो तसं लिहा: 'उद्या भेटल का', 'rate kay ahe' असं रोमन अक्षरांतलंसुद्धा. खरी परीक्षा तिथे होते. आणि आठवड्यातून एकदा सगळी संभाषणं वाचा. त्यात तुमच्या वेबसाइटवर काय लिहायचं राहून गेलंय याची यादीच असते.

१२. ग्राहकांचे अभिप्राय वेबसाइटवर कसे दाखवावेत? वाईट अभिप्राय गाळले तर चालतात का?

गूगलवरचे अभिप्राय वेबसाइटवर दाखवता येतात आणि तेच सगळ्यात विश्वासार्ह वाटतात, कारण वाचणारा तिथे जाऊन पडताळू शकतो. 'खूप छान सेवा – एक ग्राहक' असल्या ओळींवर आता कोणी विश्वास ठेवत नाही.

'पाच तारे द्या, १० टक्के सूट घ्या' हे गूगलच्या धोरणात बसत नाही. खूश ग्राहकालाच लिंक पाठवायची आणि नाराजाला वेगळ्या फॉर्मकडे वळवायचं, हेही बसत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे, प्रसिद्ध कसे करावेत याची चौकट त्यात मिळते. वाईट अभिप्राय गाळू नका, खाली उत्तर द्या. शांतपणे दिलेलं एक उत्तर दहा कौतुकांपेक्षा जास्त वाचलं जातं.

स्वतःच्याच वेबसाइटवर स्वतःबद्दल लिहिलेल्या अभिप्रायांचे तारे गूगलच्या निकालात दिसतील असं कोणी सांगून पैसे मागत असेल, तर देऊ नका. स्थानिक व्यवसाय आणि संस्थांसाठी गूगलने ते सप्टेंबर २०१९ मध्येच बंद केलं.

१३. पॉपअप, उलटं घड्याळ, 'फक्त २ शिल्लक'. यांनी विक्री वाढते म्हणतात. लावू का?

खरोखर दोनच शिल्लक असतील तर जरूर लिहा. साठ्याशी जोडलेला आकडा ही ग्राहकाच्या उपयोगाची माहिती आहे. पान पुन्हा उघडलं की परत १५ मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ मात्र खोटं आहे, आणि आता त्यासाठी नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार आहेत. खोटी घाई, टोपलीत न विचारता वस्तू टाकणं, टप्प्याटप्प्याने किंमत वाढवणं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशी लाजवणारी बटणं, सोडता न येणारी वर्गणी हे त्यांतलेच. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असा समज आहे. तत्त्वं विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत.

पॉपअपचं वेगळं. मोबाइलवर गूगलमधून आलेल्या माणसापुढे पूर्ण पडदा झाकणारा पॉपअप टाकला तर शोधातलं स्थान घसरू शकतं, हा गूगलचा नियम जानेवारी २०१७ पासूनचा. माणूस शेवटपर्यंत वाचून खाली पोहोचला की छोटी पट्टी दाखवा. दारातच हात धरू नका.

१४. 'चक्र फिरवा, बक्षीस जिंका' लावलं तर?

प्रत्येकाला ठरलेल्यापैकी काहीतरी सूट मिळणार असेल आणि ती तशी लिहिलेली असेल, तर फारसा प्रश्न नाही. पण वस्तू विकत घेतल्यावरच भाग घेता येतो आणि बक्षीस नशिबावर, अशी रचना केलीत की लॉटरीच्या आणि ग्राहक कायद्याच्या हद्दीत शिरता. विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ चालवणं आणि त्याचा निकाल दडवणं, दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. वकिलाला विचारल्याशिवाय यात पडू नका. शिवाय माझं मत: चक्र फिरवायला आलेला माणूस सूट घेऊन जातो, ग्राहक होत नाही. त्यापेक्षा साडीच्या दुकानाने 'कार्यक्रम कुठला, बजेट किती, रंग कुठला' असे तीन प्रश्न विचारून पाच साड्या दाखवाव्यात.

१५. वेबसाइट मराठीत ठेवू की इंग्रजीत?

ग्राहक तुमच्याशी फोनवर ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत. दोन्ही असतील तर भाषा बदलायचं बटण वर, ठळक, 'मराठी' असं देवनागरीत. फक्त मजकूर मराठी आणि फॉर्मच्या चुका, ओटीपीचा संदेश, पैसे भरल्यानंतरचं पान इंग्रजी, असं अर्धवट करू नका. माणूस नेमका तिथेच गोंधळतो.

छापखान्यातून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर वेबसाइटवर अगम्य चिन्हं येतात. त्यावर उपाय म्हणून लोक मजकुराचं चित्रच टाकतात, आणि मग ना शोध चालतो, ना कॉपी, ना वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मुक्त, बलू, नोटो हे फॉन्ट फुकट आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. त्याने ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात.

१६. हे सगळं लावल्यापासून वेबसाइट मंद झाली आहे.

होणारच. चॅट, नकाशा, इन्स्टाग्रामची पट्टी, अभिप्रायांची पट्टी, प्रत्येक जण आपापलं ओझं बाहेरून आणतो. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकून बघा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पडद्यावर काहीतरी हलावं. हे दुसरं मोजमाप मार्च २०२४ पासून गूगलने मुख्य निकषांत घेतलंय, आणि अशा सोयी लावलेल्या वेबसाइट तिथेच नापास होतात.

नकाशाच्या जागी त्याचं चित्र ठेवा, दाबल्यावर खरा नकाशा उघडू द्या. चॅटचा कोड पान पूर्ण आल्यावरच चालू होऊ द्या. इन्स्टाग्रामची पट्टी काढून टाका. तिथून आलेल्याने ते फोटो पाहिलेलेच असतात. तपासणी घरच्या वायफायवर नको, एसटीत बसून करा.

१७. फॉर्ममधून रोज परदेशी जाहिरातींचा कचरा येतो. थांबवायचा कसा?

फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवा. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्राम, तो भरतो, माणूस भरत नाही. भरलेला आला की फेकून द्या. याने बराचसा कचरा थांबतो. तरी थांबला नाही तर कॅप्चा, पण 'सिग्नलचे फोटो निवडा' छापाचा नको. ते कोडं सोडवण्यात खरे ग्राहक गळतात.

१८. फॉर्ममधून मिळालेल्या नंबरांवर ऑफर पाठवू शकतो का?

चौकशीसाठी दिलेला नंबर चौकशीपुरताच. ऑफर पाठवायची तर वेगळी विचारणा करा, आणि तो चौकोन ग्राहकानेच टिक करायचा. आधीच टिक केलेला ठेवू नका. खरेदीच्या संमतीसाठी तर तसा चौकोन चालत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. त्याच नियमांनुसार तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं, म्हणून वेबसाइटवर तक्रारीसाठी नाव आणि नंबर द्या.

एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-पोर्टलवर नोंदणी असावी लागते, आणि पाठवणाऱ्याच्या नावाचं शीर्षक आणि मजकुराचा साचा मंजूर असावा लागतो. व्हॉट्सॲपवरही संमती लागतेच. लोकांनी 'ब्लॉक' दाबायला सुरुवात केली की नंबरच अडकतो.

आता वैयक्तिक डेटाचा कायदा. तो २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना वगैरे मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. काय घेताय, कशासाठी घेताय हे साध्या शब्दांत सांगायचं, आणि ते इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता येण्याची सोय ठेवायची. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. क्लासवाल्यांनी हे दोनदा वाचावं. सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चौकशांची एक्सेल फाइल सगळ्यांसाठी उघड्या लिंकवर ठेवलेली असेल तर आज संध्याकाळीच बंद करा.

१९. मी डॉक्टर / वकील / बांधकाम व्यावसायिक आहे. माझ्यासाठी वेगळं काही?

हो. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार काम मागता येत नाही. २००८ च्या बदलानंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, पात्रता, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. पक्षकारांचे अभिप्राय, 'आत्ताच बोला' म्हणत मागे लागणारं चॅट, ऑफर हे सगळं टाळा.

डॉक्टरांनाही २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण ओढण्यासाठी जाहिरातीची मनाई आहे. वेळ घेण्याची सोय, ओपीडीच्या वेळा, रिपोर्ट कधी मिळेल ही माहिती द्या; रुग्णांचे अनुभव आणि 'आधी-नंतर'चे फोटो नकोत.

बांधकाम व्यावसायिकांनी हप्त्याचा कॅल्क्युलेटर, फ्लॅटची त्रिमितीय सफर खुशाल लावावी. पण प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक हवाच आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. वेबसाइटही त्यात आली.

२०. आमचे बरेच ग्राहक वयस्क आहेत. त्यांच्यासाठी काय करावं?

अक्षरं मोठी, रंग ठळक, बटणांत अंतर. आंतरराष्ट्रीय निकष बटणाला किमान २४ पिक्सेल म्हणतो. मी दुप्पट ठेवतो. फिकट करड्या अक्षरांची फॅशन टाळा. आणि थेट फोन लावणारं बटण कधीही काढू नका. बऱ्याच आजी-आजोबांना टाइप करण्यापेक्षा बोलणं आवडतं, आणि ऑर्डरही त्यांची मोठी असते.

२१. लावलेल्या सोयीचा उपयोग होतोय की नाही हे कसं कळणार?

गूगल ॲनालिटिक्समध्ये बटण दाबल्याची नोंद करता येते. तेवढी लावून घ्या. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी फुकट आहे, त्यात लोक कुठे दाबतात, कुठे अडकतात याची चित्रफीत दिसते (गोपनीयतेच्या सूचनेत त्याचा उल्लेख करा). पण आधी साधं गणित: महिन्यात किती जणांनी बटण दाबलं, किती जणांशी बोलणं झालं, किती ऑर्डरी आल्या. दाबणारे खूप आणि बोलणारे कमी असतील तर दोष वेबसाइटचा नाही, उत्तर उशिरा जातंय.

२२. प्रश्नोत्तरांचं पान लावलं की ते प्रश्न गूगलमध्येच उघडून दिसतात ना?

पूर्वी दिसायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ते नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटपुरतं मर्यादित केलं. म्हणजे त्या आमिषासाठी प्रश्न रचू नका. व्हॉट्सॲपमध्ये मागे जा, लोकांनी खरंच काय विचारलं ते उचला आणि त्यांच्याच शब्दांत लिहा.

२३. हंगाम संपला की ऑर्डरच्या फॉर्मचं काय करायचं?

पान काढून टाकू नका. गूगलमध्ये मिळवलेली जागा जाते. फॉर्म मात्र त्याच दिवशी बंद करा. जूनमध्ये हापूसची ऑर्डर घेऊन मग 'सॉरी, संपला' कळवणं आणि घेतलेले पैसे परत करत बसणं, हे दर वर्षी कोणीतरी करतंच. बटणाच्या जागी 'यंदाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षी कळवायला नंबर ठेवा' असं टाका, खाली कोकम, आमरस, फणसपोळी जे चालू आहे ते दाखवा. व्हॉट्सॲपच्या लिंकमधला तयार संदेशही बदला, तो हमखास विसरला जातो. आणि ज्यांनी पुढच्या वर्षासाठी नंबर ठेवलाय त्यांना फेब्रुवारीत पहिला संदेश पाठवताना दराबरोबर पेटी कधीपासून निघेल ती तारीखही लिहा. पहिला प्रश्न तोच येणार आहे.